माळ्यावरचं दाढीचं सामान उतरवताना: ब्लेड सगळ्यात शेवटी

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूतल्या एकाने गेल्या दिवाळीत माळ्यावरचा डबा उतरवला. आत वडिलांचा पितळी रेझर, न फोडलेली ब्लेडची पाकिटं, गोदरेजचा शेव्हिंग राउंड (दाढीच्या साबणाची गोल वडी), एक ब्रश आणि जहाजाचं चित्र असलेली आफ्टरशेव्हची पांढरी बाटली. पठ्ठ्याने नरक चतुर्दशीला अभ्यंग आटोपून सगळं एकदम वापरलं. दुपारी आला तेव्हा गळा लालेलाल, हनुवटीवर वर्तमानपत्राचे दोन कपटे चिकटवलेले, आणि तोंडी निकाल तयार: "जुनं सामान बाद झालंय." पाच वस्तूंपैकी नेमकी कुठली बाद, ते काही त्याला सांगता येईना. येणार कसं? पाचही एकाच दिवशी वापरल्या.

निवृत्तीनंतर हा डबा बरेच जण उघडतात. नोकरीच्या काळात सकाळी 7:40 ची लोकल किंवा एसटी गाठायची असायची, तेव्हा 'पुढे निवांत वापरू' म्हणून ठेवलेलं असतं. ते वापरावंच. पण सामान पंचवीस वर्षं डब्यात होतं, चेहरा काही डब्यात नव्हता. सत्तरीतली कातडी पातळ झालेली असते, कोरडी असते, गळ्याशी सैल असते. त्यामुळे तपासणी दोन्हीकडची करायची आणि जुन्या वस्तू सगळ्या एकदम नाही, टप्प्याटप्प्याने वापरात आणायच्या. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

## 1. डबा रिकामा करा, पण हात न घालता

दिवसाच्या उजेडात, चष्मा लावून, टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसा. डबा हळूच कलता करून सामान कागदावर येऊ द्या. जुन्या डब्याच्या तळाशी सुटं ब्लेड हमखास असतं. मी बोट घालून चाचपलं होतं, त्याची रेघ अजून तर्जनीवर आहे.

मग चार वाटे करा: धातूचं (रेझर, कात्री, वाटी), ब्लेडं, केसांचं म्हणजे ब्रश, आणि अंगाला लागणारं म्हणजे साबण, क्रीम, आफ्टरशेव्ह, पावडर, तुरटी.

तिथल्या तिथे टाकून द्यायच्या गोष्टी: एकदा जरी वापरलेलं सुटं ब्लेड, मग ते कोणाचंही असो, फुगलेली किंवा पांढरट खार आलेली क्रीमची ट्यूब, जुनी पावडर, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास साबणात मुरला असेल तर तो साबण. रेझरचा वास धुतल्यावर जातो, ब्रशचा आठ-दहा दिवस सावलीत वाऱ्याला ठेवल्यावर बराचसा जातो, साबणातला जात नाही. त्यात वेळ घालवू नका.

सावध: आजोबांच्या वेळचा, 1930 च्या आधीचा ब्रश निघाला तर तो कपाटात शोभेला ठेवा, चेहऱ्याला लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य लोकांनाही अँथ्रॅक्स (जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग) झाला होता. आज तो धोका अगदी किरकोळ आहे, पण साधा नवा ब्रश सहज मिळत असताना तो तरी कशाला घ्या.

## 2. रेझर धुणे: इथे जोर लावणारेच नुकसान करतात

तीन तुकड्यांचा रेझर असेल तर मूठ फिरवून सुटा करा. मूठ फिरवली की डोक्याची दोन दारं उघडतात तसला असेल तर तो खोलायच्या भानगडीत पडू नका. दारं उघडी ठेवूनच धुवा.

कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, अर्धा तास भिजवण. मग मऊ जुन्या टूथब्रशने आट्यांमधला आणि खोबणीतला साबणाचा थर काढा. तो थर राखाडी असतो आणि दगडासारखा वाटतो, पण भिजला की सुटतो. नाही सुटला तर पुन्हा भिजवा. खरवडू नका.

लोक हमखास करतात त्या चुका: उकळत्या पाण्यात टाकणे (मुलामा उडतो, बेकेलाइटची म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची मूठ असेल तर तडकते), व्हिनेगर किंवा लिंबात रात्रभर ठेवणे (निकेलचा मुलामा जातो), आणि चमक यावी म्हणून टूथपेस्ट किंवा पितांबरीने घासणे. सोनेरी मुलामा तर इतका पातळ असतो की दोन रविवारांत खालचं पितळ दिसायला लागतं.

रेझर दुसऱ्या कोणाचा होता, अगदी वडिलांचा का असेना, तर धुऊन झाल्यावर सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि वाऱ्यावर वाळवा. आसपास गॅस किंवा निरंजन नको.

तपासा: डोक्याचे दोन भाग मिटवून उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त असेल, दाते वाकलेले असतील किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं डोकं खड्डे पडून भुसभुशीत झालं असेल, तर रेझर निवृत्त. पितळी डोकं मात्र सहसा धडधाकट निघतं. मुठीच्या गळ्याशी 1 ते 9 आकड्यांची, दाढी किती हलकी-कडक होईल ते ठरवणारी चकती असलेला रेझर सापडला तर नशीबवान आहात. ती 1 वर, म्हणजे सगळ्यात हलक्यावर, आणून ठेवा आणि महिनाभर तिथून हलवू नका.

वस्तरा निघाला असेल तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: आयुष्यात कधी आपल्या हाताने वस्तऱ्याने दाढी केली आहे का? नसेल तर सत्तराव्या वर्षी शिकायला जाऊ नका. धार लावायला सहाण, मग चामडी पट्टा, मग न थरथरणारा हात असं सगळं जमवावं लागतं.

## 3. ब्लेडं तपासा आणि मोजा

1960 च्या दशकात स्टेनलेस स्टीलची ब्लेडं बाजारात आली. त्याआधीची कार्बन स्टीलची पाकिटं सापडली तर ती जमवणाऱ्यांसाठी ठेवा. त्यांना गंज चढतोच. स्टेनलेसची, मेणकागदात गुंडाळलेली, कोरड्या जागी राहिलेली ब्लेडं वीस-तीस वर्षांनीही उत्तम चालतात. 'मुदत संपली' असं त्यांचं काही नसतं. त्यांचा शत्रू दमट हवा. कोकणात किंवा मुंबईत भिंतीला ओल येणाऱ्या घरात माळ्यावर पावसाळे काढलेलं पाकीट आणि सोलापुरात कपाटात राहिलेलं पाकीट, यांत फरक पडणारच.

एक ब्लेड काढा. आखूड कडांना धरा, म्हणजे जिथे धार नाही तिथे. भिंगाखाली तिरप्या उजेडात दोन्ही धारा पाहा. धारेवर तपकिरी ठिपके, पांढरे डाग किंवा कपारी दिसल्या तर ते ब्लेड बाद. मधल्या भागावर मेणाचे ठिपके असतील तर हरकत नाही, ते कागद चिकटवायचे असतात. कोमट पाण्यात धरलं की सुटतात. पाकिटातलं पहिलं चांगलं निघालं म्हणून पाचही चांगली असं मात्र धरून चालू नका. प्रत्येक वेळी बघा.

सावध: धार बोटावर किंवा नखावर चालवून बघू नका. आणि फडक्याने पुसू तर कधीच नका. फडकंही कापतं, बोटही कापतं, धारही जाते.

आता हिशेब. आठवड्याला तीन दाढ्या म्हणजे वर्षाला 156. एका ब्लेडवर चार दाढ्या धरल्या तर वर्षाला 39 ब्लेडं लागतात. दोनशे ब्लेडं असतील तर पाच वर्षांची बेगमी झाली. हा आकडा कागदावर मांडा, कारण चुका जपून वापरण्यापायीच होतात. 'संपतील' म्हणून माणूस एकच ब्लेड आठव्या-नवव्या दाढीला ओढतो, ते बोथट होतं, मग हात दाबला जातो आणि गळा सोलवटतो. वयाच्या बाहत्तरीला पाच वर्षांचा साठा जवळ असताना एका ब्लेडवर कंजुषी करायचं कारण नाही. चौथ्या दाढीनंतर बदला. पातळ कातडीला तिसऱ्यानंतरच बदललंत तरी चालेल.

## 4. ब्रश आणि साबण: पहिला आठवडा एवढंच

या दोन वस्तूंना धोका सगळ्यात कमी आणि मजा सगळ्यात जास्त. म्हणून सुरुवात यांच्यापासून. पहिला आठवडा रेझर रोजचाच ठेवा, कार्ट्रिज (आयतं डोकं बसवायचा) असो नाहीतर इलेक्ट्रिक. (इलेक्ट्रिक असेल तर तो ओल्या दाढीला चालणारा आहे ना, हे बघून घ्या.) फक्त फेस जुन्या पद्धतीने काढा.

ब्रश कोमट पाण्यात साबण लावून दोन-तीनदा धुवा. डुकराच्या राठ केसांचा असेल तर प्रत्येक वापराआधी दहा मिनिटं भिजवा. बॅजर या प्राण्याच्या मऊ केसांना दोन-तीन मिनिटं पुरतात. कोरडा राठ ब्रश फिरवला की केस मोडतात. पहिल्या दोन-चार दिवसांत पाच-दहा केस गळले तर बिघडत नाही. झुपका हातात आला तर बुडाचा डिंक गेला असं समजा आणि ब्रश बदला.

साबणाच्या वडीवर तडे गेलेले असतील, ती कडेने सुटली असेल, तर काही बिघडलेलं नाही. फक्त पाणी उडालंय. वरचा पातळ थर चाकूने तासा. नारिंगी-तपकिरी डाग आणि खवट तेलाचा वास असेल तर मात्र टाका. वास नुसता कमी झाला असेल तर तो साबण फेसाला तसाच खणखणीत असतो.

मग असं करा:

1. दाढीआधी पाच-दहा मिनिटं वडीवर चमचाभर गरम पाणी घालून ठेवा.
2. ब्रश पाण्यातून काढून दोनदा झटका. निथळता नको, कोरडाही नको.
3. वडीवर हलक्या हाताने अर्धा मिनिट गोल फिरवा. ब्रशच्या टोकांना पेस्टसारखा साबण लागला पाहिजे.
4. मग वाटीत किंवा थेट गालावर फिरवत राहा, दर थोड्या वेळाने ब्रशचं फक्त टोक पाण्यात बुडवत.

तपासा: फेस फेटलेल्या दह्यासारखा दाट, चमकदार हवा. कपडे धुतानाचे मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. ब्रश अडखळत असेल, फेस गालावर सुकून पापुद्रा धरत असेल, तर पाणी कमी.

आता सर्वांत जास्त येणारी तक्रार: "वीस वर्षांपूर्वी याच साबणाला भरपूर फेस यायचा, आता येत नाही." साबण तोच असतो. पाणी बदललेलं असतं. जुन्या वाड्यात नळाचं पाणी होतं, आता फ्लॅटमध्ये बोअरचं किंवा टँकरचं येतं. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून फेसाऐवजी चोथा होतो. प्यायच्या आरओ फिल्टरमधलं पेलाभर पाणी दाढीपुरतं घ्या. मी हे एका संशयी शेजाऱ्याला दोन वाट्यांत शेजारी शेजारी करून दाखवलं. डावीकडे राखाडी पाणी आणि कडेला साय, उजवीकडे वाटीतून वर आलेला फेस. त्याने त्या दिवशीच माझा पेला उचलून नेला.

## 5. चेहऱ्याची तपासणी

ब्लेडकडे जाण्याआधी मोठ्या आरशात, भरपूर उजेडात पंधरा मिनिटं द्या. तीळ, चामखीळ, उंचवटे कुठे आहेत ते हाताने चाचपून लक्षात ठेवा. वयानुसार नवे येतात आणि फेसाखाली दिसत नाहीत. एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा आपोआप रक्त येत असेल, तर तो आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मग औषधांची यादी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे? छोटा काप बराच वेळ वाहील. दाढीसाठी गोळी बंद करायची नाही, हे ठळक लिहून ठेवा. जुन्या ब्लेडचा विचार सोडायचा असेल तर सोडा. मधुमेहात जखम सावकाश भरते. हात थरथरत असेल किंवा पक्षाघातानंतर एका गालाची संवेदना कमी असेल, तर ब्रश आणि साबण जुना, रेझर मात्र इलेक्ट्रिक, हीच तुमची कायमची व्यवस्था. यात काही कमीपणा नाही. माझ्या मते या सगळ्यातला चार आण्यांचा आनंद ब्लेडमध्ये आहे आणि बारा आणे ब्रशमध्ये.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. मूळ दोष गंजाचा नसतो, मातीतल्या जंतूंचा असतो; पण या निमित्ताने ते काम उरकतं.

## 6. आफ्टरशेव्ह: दुसरा आठवडा

बाटलीचं झाकण घट्ट असेल तर अल्कोहोलमुळे आतला द्रव टिकतो. वरचा लिंबू-संत्र्याचा वास उडालेला असतो, खालचा मसालेदार राहतो. गढूळ झालं असेल, तळाशी गाळ असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ओतून द्या आणि बाटली ठेवा.

चांगलं वाटलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबा. खाज, पुरळ आलं नाही तर दाढीनंतर फक्त गालांना लावा, गळ्याला नाही. झोंबलं तर सरळ रुमालाला लावा. वडिलांचा वास रुमालातूनही येतो.

## 7. ब्लेडची पहिली दाढी: तिसरा आठवडा

सवड असलेला दिवस निवडा. लग्नाला जायच्या सकाळी नको. स्टुलावर बसा; गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, त्यातून रक्तदाबाची गोळी घेतलेली असताना, आरशापुढे उभं राहून मान वर केली की गरगरतं.

पहिली पायरी. आंघोळीनंतर लगेच बसा, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं चेहऱ्यावर धरा. पाणी सोसवेल इतपतच.

दुसरी पायरी. ब्लेड रेझरमध्ये बसवा, पूर्ण आवळा, दोन्ही बाजूंनी धार सारखी बाहेर आली आहे का बघा. हे फेस लावायच्या आधी. साबणाच्या हाताने ब्लेड बसवायला गेलात की निसटतं.

तिसरी पायरी. फेस लावा आणि मिनिटभर तसाच राहू द्या. केस मऊ व्हायला तो वेळ लागतो.

चौथी पायरी: कोन. इथेच सगळे चुकतात, कारण वीस वर्षं कार्ट्रिजने सवय बिघडवली आहे. कार्ट्रिजचं डोकं स्वतः वळतं आणि दाबलं तरी चालतं. इथे कोन तुमच्या मनगटात आहे. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा. मूठ गालाला काटकोनात, आडवी बाहेर आलेली असेल. आता मूठ हळूहळू खाली आणा. खुंट कापल्याचा बारीक खरखर आवाज आला की थांबा. ब्लेडचा गालाशी साधारण तीस अंशांचा कोन होतो तो हाच. आवाज थांबला तर कोन चुकला.

पाचवी पायरी: हात. मुठीच्या टोकाला दोन-तीन बोटांनी धरा. पितळी रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरतं. बोटभर लांबीचे छोटे फटके, आणि प्रत्येक दोन-तीन फटक्यांनंतर पाण्यात खळखळवणं. रेझर टेकलेला असताना आडवा सरकवू नका. काप लागतो तो त्यामुळेच.

सहावी पायरी: कातडी ताणणे. दुसऱ्या हाताने कानाजवळून गाल वर ओढून सपाट करा. गळ्याशी सैल कातडी असते, तिथे खाली हाडाजवळ बोटं ठेवून ताणा. कंठमण्यावर थेट फिरवू नका; आवंढा गिळल्यासारखं करून कातडी बाजूला सरकवा आणि सपाट जागेवर फिरवा. बोटं घसरत असतील तर ओल्या तुरटीवर टेकवा, पकड येते.

क्रम असा ठेवा: कल्ले, गाल, मग गळा, शेवटी ओठांवर आणि हनुवटीवर. तिथले केस सर्वांत राठ, म्हणून त्यांना फेसाखाली जास्त वेळ मिळू द्या.

पहिल्या महिन्यात फक्त सुलटी दाढी, केस वाढतात त्या दिशेने, एकच हात. उलटा हात फिरवायचा मोह होईल. गळ्यावर केसांची दिशा मध्येच बदलते, त्यामुळे तिथे तुम्हाला सुलटी वाटते ती कधी कधी उलटी असते. दोन दिवसांचे खुंट वाढल्यावर बोट फिरवून आधी बघून ठेवा. थोडे खुंट राहिले तर राहू द्या. कोणत्या साहेबाला तोंड दाखवायचंय?

सावध: फेस नसलेल्या जागी 'एकच फटका' मारू नका. पुन्हा ब्रश फिरवा, मग मारा.

## 8. नंतर

गार पाण्याने धुवा. तुरटी ओली करून हलकेच फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा धुवा आणि टिपून घ्या. पंचा रगडू नका. तुरटी कितीही जुनी असली तरी वाया जात नाही, फक्त वरचा थर धुऊन घ्या आणि दुसऱ्या कोणाबरोबर एकच तुरटी वापरू नका. शेवटी साधं मॉइश्चरायझर, तेही नवं.

काप लागला तर स्वच्छ कापसाने पाच मिनिटं सलग दाबा. घड्याळ बघून. मध्ये उचलून बघितलंत की पुन्हा शून्यापासून. वर्तमानपत्राचा कपटा नको. वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

रेझर सैल करून झटका आणि सुकू द्या. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली येतील असा टांगा किंवा मोकळ्या हवेत ठेवा. ओला ब्रश बंद डब्यात टाकला की बुरशी येते. पाकिटावर पेन्सिलीने तारीख आणि किती दाढ्या झाल्या त्याच्या रेघा मारा. चार रेघा झाल्या की ब्लेड बदला.

वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका. पिशवी उचलणाऱ्याच्या हाताला ते लागतं. कोकोचा किंवा बेबी पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा. वर्षाला 39 या हिशेबाने तो भरायला काही वर्षं लागतात. भरला की फटीवरही पट्टी लावा, वर मार्करने 'ब्लेड' लिहा आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून द्या.